मिशनरीचं घर: बंगला, बोट आणि बोर्डिंग

माझी एक मैत्रीण वसईची, कॅथलिक. एकदा तिला नगरचं जुनं मिशन कंपाउंड दाखवत होतो. उंच जोत्याचा, लांब व्हरांड्याचा कौलारू बंगला बघून तिने विचारलं, "इथे कोणते फादर राहायचे?" मी म्हटलं, "फादर नाही, साहेब. साहेब, मडम आणि त्यांची चार-पाच पोरं." ती थांबलीच. "मिशनऱ्याला पोरं?"

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर देता देता आमची दुपार गेली. जगभरच्या मिशनकार्याचा इतिहास आपण बहुतेक वेळा पुरुषांची नावं आणि संस्थांच्या सनावळ्या घेऊन सांगतो. तोच इतिहास घर म्हणून पाहिला की कुठलं काम का झालं, कुणाच्या खर्चाने झालं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे जास्त स्पष्ट दिसतं.

आधी वसई आणि नगरमधला फरक. कॅथलिक धर्मगुरू ब्रह्मचर्याचं व्रत घेतो. गोव्याचे जोसेफ वाझ 1687 मध्ये श्रीलंकेला गेले आणि 1711 मध्ये तिथेच वारले. त्यांच्या मागे बायको नव्हती की मुलाची शाळा नव्हती. प्रोटेस्टंट परंपरेत मात्र मार्टिन लूथरने 1525 मध्ये स्वतःच लग्न केलं आणि पाळकाचं, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरूचं, कुटुंब ही मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, रुळलेली गोष्ट झाली. त्यामुळे प्रोटेस्टंट मिशनरी परदेशी निघाला तेव्हा त्याच्याबरोबर बायको निघाली, मुलं निघाली. एका माणसाची सोय खाटेवर आणि भाकरीवर भागते. कुटुंब आलं की घर लागतं, डॉक्टर लागतो, आया लागते, शाळा लागते, विधवा झाली तर परतीचं तिकीट लागतं. मिशनरी पाठवणाऱ्या संस्थांची, म्हणजे मिशन बोर्डांची, निम्मी यंत्रणा या संसारासाठीच उभी राहिली.

पाचारण कुणाला?

आमच्या मंडळ्यांत एक शब्द आहे, पाचारण. देवाने एखाद्या कामासाठी बोलावणं. नवऱ्याला पाचारण झालं आणि बायकोला झालं नाही, तर काय?

इंग्रज मिशनरी विल्यम केरींचं घर हे याचं सगळ्यांत दुःखद उदाहरण, आणि त्याचा मराठीशी थेट संबंध आहे. 1793 मध्ये ते इंग्लंडहून बंगालला निघाले तेव्हा पत्नी डोरोथीने आधी साफ नकार दिला होता. ती नुकतीच बाळंत झालेली होती. शेवटच्या क्षणी मनवून तिला बोटीवर चढवलं. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला आणि डोरोथीचं मन ढासळलं, ते पुन्हा सावरलं नाही. 1807 मध्ये ती वारली. शेवटची कित्येक वर्षं घरातच, कोंडल्यासारख्या अवस्थेत. आणि 1805 मध्ये, तिच्या आजारपणाच्या त्याच वर्षांत, केरींचं मराठी व्याकरण सेरामपूरला छापलं गेलं. मराठीच्या छापील व्याकरणांचा आरंभ आपण तिथून धरतो. पंडित वैजनाथ शर्मांचं नाव त्या कामात आदराने घेतलं जातं, ते घ्यायलाच हवं. पण शेजारच्या खोलीतल्या त्या बाईचंही घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकन मिशनची पहिली तुकडी 1812 मध्ये निघाली. त्यातली हॅरिएट न्यूएल 18 वर्षांची. ईस्ट इंडिया कंपनीने मिशनऱ्यांना कलकत्त्यात राहू दिलं नाही. पुढच्या प्रवासात बोटीवरच तिला मूल झालं, ते वाचलं नाही, आणि नोव्हेंबरात मॉरिशसला तिनेही प्राण सोडला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला पोहोचले. तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. पुढे हॉलची पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेला परतली, तो कामासाठी मागे राहिला आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने वारला.

बोर्डाच्या नोंदीत या बायकांचा हुद्दा 'सहायक मिशनरी'. पगार नवऱ्याच्या नावावर. पण मुलींच्या शाळा, बायकांच्या प्रार्थनासभा, शिवणवर्ग, दारात येणाऱ्या आजाऱ्याला औषध हे सगळं त्यांच्याकडे. परक्या पुरुषाला जिथे माजघरात पाऊल टाकता येत नव्हतं, तिथे बाईच जाऊ शकत होती. सिंथिया फरार 1827 मध्ये अविवाहित आल्या, तेव्हा त्यांनाही 'सहायक'च म्हटलं गेलं. पण त्यांच्या मागे संसार नव्हता, सगळा दिवस शाळेला देता येत होता. नगरची त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते, आणि सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतल्याचं त्यांच्या चरित्रांत येतं. फरारबाई 1862 मध्ये वारल्या, त्याही नगरलाच.

पैसा कुठून येतो?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, बहुतेकदा संशयाने. म्हणून सविस्तर.

जुनी पद्धत बोर्डाची. अमेरिकन बोर्ड 1810 मध्ये स्थापन झालं. न्यू इंग्लंडमधल्या गावोगावच्या मंडळ्या वर्गणी काढायच्या, ती बोर्डाकडे जायची आणि बोर्ड मिशनऱ्याला ठरावीक वेतन, घर आणि मुलांचा भत्ता द्यायचं. गावाने वर्गणी काढून आपला पहिलवान पोसावा, तशातला प्रकार. पहिलवानाने कुस्तीची खबर गावाला द्यायची असते, तशी मिशनऱ्यानेही पत्रं पाठवायची. ती छापली जायची, रविवारी वाचली जायची आणि त्यावर पुढची वर्गणी जमायची.

दुसरी पद्धत 'विश्वासावर चालणाऱ्या' मिशनांची. हडसन टेलरने 1865 मध्ये चायना इनलँड मिशन काढलं ते कुणाकडे पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचं नाही आणि पगाराची हमीही द्यायची नाही, या तत्त्वावर. जे येईल ते वाटून घ्यायचं.

आज बहुतेक ठिकाणी तिसरी पद्धत दिसते. कुटुंबाने निघण्याआधी स्वतःच वर्ष-दोन वर्षं मंडळ्यांतून फिरून मासिक मदतीची वचनं गोळा करायची. याला ते नुसतं 'सपोर्ट' म्हणतात. ठरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा जमल्याशिवाय संस्था तिकीट काढू देत नाही. शंभरभर घरांनी थोडे थोडे पैसे द्यायचे, आणि त्या घरांतल्या फ्रिजवर या कुटुंबाचा फोटो असलेलं प्रार्थनेचं कार्ड चिकटलेलं असतं. ही साखळी नाजूक असते. एखाद्या देणाऱ्याची नोकरी गेली की दुसऱ्या खंडात एका घराचं भाडं अडतं. शिवाय दर महिन्याच्या पत्रात चांगलंच काहीतरी लिहायचं दडपण येतं. मुलगा शाळेत रडतो, बायकोला इथे कुणी मैत्रीण नाही, हे लिहिलं तर लोक काय म्हणतील? ही भीती अनेक कुटुंबांना आतून पोखरते.

देणारे नेहमी श्रीमंत गोरेच असतात असं मात्र नाही. मिझोराममध्ये 1910 पासून 'बुहफाई थाम' चालतं. स्वयंपाकाला तांदूळ काढताना घरातल्या बाईने एक मूठ बाजूला ठेवायची. ते तांदूळ मंडळीत जमतात, विकले जातात, आणि त्या पैशातून मिझो मिशनरी दूरदूर पाठवले जातात. हिशेबाची मोठमोठी पुस्तकं वाचूनही मला याहून सुंदर व्यवस्था सापडली नाही.

काही वर्षांनी कुटुंबाला घरी जायची रजा मिळते, तिचं नाव फर्लो. मराठी वाचकाला हा शब्द तुरुंगाच्या बातम्यांतून माहीत आहे, मिशनऱ्यांनी मात्र तो सैन्याकडून घेतला. नाव रजा असलं तरी विश्रांती फारशी नसते. आज या गावी, उद्या त्या गावी, प्रत्येक मंडळीत तेच भाषण. पूर्वी मुलांना साडी-धोतर नेसवून व्यासपीठावर उभं करायचे आणि एखादं मराठी गीत म्हणायला लावायचे. अनोळखी आजीबाई गालाला हात लावून म्हणायच्या, "किती बरं वाटत असेल ना घरी येऊन!" त्या मुलांचं घर तर नगरला किंवा सोलापूरला होतं.

विषमतेबद्दलही सरळ बोलायला हवं. मिशनऱ्याला घर आणि वेतन बोर्डाकडून. त्याच्या खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या मराठी पाळकाचा आणि शिक्षकाचा पगार त्या मानाने फार थोडा, आणि राहणं कंपाउंडच्या कडेच्या चाळीत. हे त्या काळच्या राज्यव्यवस्थेचंच प्रतिबिंब होतं. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा केला, त्यामागे ही बोचही होती: ख्रिस्ताची मंडळी इथल्या मातीतली असावी, परक्या वेतनावर तोलू नये.

सहाव्या वर्षी बोट

आता मुलांकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यांत जड ओझं त्यांनीच उचललं.

मिशनरीचं मूल आयेच्या कडेवर वाढायचं. पहिले शब्द मराठी. अंगाई मराठी. मग सहा-सात वर्षांचं झालं की त्याला मायदेशी पाठवायचं. कारणं सांगितली जायची ती हवा, कॉलरा, शिक्षण. ती खोटी नव्हती, कंपाउंडमधल्या लहान लहान कबरी त्याची साक्ष देतात. पण आणखी एक कारण होतं. मूल इथल्यासारखं होईल, ही भीती. ज्या लोकांसाठी आयुष्य वाहिलं, आपलं लेकरू त्यांच्यासारखं होऊ नये असं वाटणं, हा त्या पिढीच्या मनातला न सुटलेला पेच होता.

या मुलांसाठी इंग्लंडमध्ये वॉल्थमस्टो हॉल ही मुलींची शाळा 1838 मध्ये निघाली, आणि मुलांची 1842 मध्ये, जी पुढे एल्थम कॉलेज झाली. अमेरिकेत बोस्टनजवळ ऑबर्नडेलला इलायझा वॉकर या विधवा मिशनरी बाईंनी 1868 मध्ये अशा मुलांसाठी आपल्या घराचं दार उघडलं. आईबाप पुन्हा भेटायचे ते फर्लोवर, कितीतरी वर्षांनी. काही मुलांना आई ओळखू यायची नाही.

ह्यूम घराण्यात हे सगळं एका पिढीत दिसतं. रॉबर्ट ॲलन ह्यूमचा जन्म 1847 चा, मुंबईचा. वडील मिशनरी. तो सात वर्षांचा असताना आजारी वडिलांना घेऊन कुटुंब परत निघालं आणि वडील समुद्रातच वारले. आईने मुलांना अमेरिकेत वाढवलं, हा येल विद्यापीठात शिकला, आणि 1874 मध्ये परत आला. थेट नगरला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तिथे राहिला. त्याची दुसरी पत्नी केटी ही नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या सॅम्युएल फेअरबँक यांची मुलगी. हे फेअरबँक पक्ष्यांचे मोठे अभ्यासक, पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव आहे. मिशनरी मुलं अशी मिशनरी मुलांशीच लग्नं करायची. बालपण समजावून सांगावं न लागणारा माणूस दुसरीकडे कुठे मिळणार?

सुएझ कालवा आणि रेल्वे आल्यावर चित्र बदललं. बोटीऐवजी बोर्डिंग आलं. मसुरीला वुडस्टॉक शाळा 1854 पासून होती, कोडाईकनालला अमेरिकन मुलांची शाळा 1901 मध्ये सुरू झाली. मराठी मुलखातली मिशनरी मुलं आगगाडीने मद्रास इलाख्यात जायची आणि पायथ्यापासून, मोटारीचा घाट होईपर्यंत, डोलीत नाहीतर घोड्यावर बसून वर. शाळेची मोठी सुट्टी मुद्दाम हिवाळ्यात ठेवलेली, म्हणजे मुलं मैदानात आईबापांकडे. आणि उन्हाळ्यात आईच वर जायची. ही सोय बोटीपेक्षा कितीतरी माणुसकीची होती. तरी सात वर्षांच्या पोराने नऊ महिने घराबाहेर झोपायचं, हे उरलंच.

आणि सगळी बोर्डिंगं सुरक्षित नव्हती. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीमध्ये मामू इथे मिशनरी मुलांची एक शाळा होती. तिथे शिकलेल्यांनी मोठेपणी आपल्यावर झालेल्या छळाबद्दल तोंड उघडलं, स्वतंत्र चौकशी आयोग बसला, आणि 1998 च्या अहवालात त्यांचं म्हणणं खरं ठरलं. आईबापांना पत्रं लिहिली तरी मुलांना हे सांगता येत नव्हतं. आपल्या तक्रारीमुळे देवाचं काम बंद पडेल, असं त्यांच्या मनावर बिंबवलेलं होतं. मुलाच्या खांद्यावर याहून अन्यायाचं ओझं कुठलं असेल, मला कल्पना करवत नाही. अशा अनुभवांनंतर घरी शिकवणं, स्थानिक शाळेत घालणं हे पर्याय पुढे आले.

या मुलांच्या मनोरचनेला नाव मिळालं तेही भारतामुळे. मिशिगनचे समाजशास्त्रज्ञ जॉन आणि रूथ हिल यूसीम 1950 च्या दशकात इथे राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करायला आले. आईबापांची संस्कृती एक, भोवतालची दुसरी, आणि या दोन्हींच्या मधल्या जागेत परदेशी राहणाऱ्यांची स्वतःची एक तिसरी तयार होते, असं त्यांनी मांडलं. तिथे वाढलेलं मूल म्हणजे 'थर्ड कल्चर किड'. मस्कत-दुबईत वाढून बारावीला पुण्यात आलेल्या मराठी मुलाला विचारा, "तू कुठला?" तो जरा थांबतो. तो थांबणं म्हणजे काय, हे यूसीम दांपत्याने समजावलं.

तरुण संघ

रविवारी संध्याकाळी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघ भरायचा. एक जण गीत घ्यायचा, एक बायबल वाचायचा, कुणी साक्ष द्यायचा, म्हणजे स्वतःच्या आयुष्यात देवाने काय केलं ते सांगायचा. नाताळात घरोघर कॅरल, मे महिन्यात लहान मुलांची 'व्हीबीएस', म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. हे सगळं चर्चमध्ये कायमच होतं असं मला वाटायचं. तसं नाही.

2 फेब्रुवारी 1881 ला अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने काही पोरापोरींना घरी बोलावून 'ख्रिश्चन एन्डेव्हर' नावाचा संघ काढला. तोवर तरुणांनी उपासनेत बसून ऐकायचं असे. इथे नियम उलटा होता. दर आठवड्याला हजर राहायचं, प्रत्येकाने काही ना काही बोलायचंच, आणि कामं समित्यांनी वाटून घ्यायची. कल्पना इतकी पसरली की 1909 मध्ये तिचं जागतिक अधिवेशन आग्र्याला भरलं.

परदेशातल्या मिशनऱ्याला ही पद्धत इतकी का मानवली, ते सोपं आहे. त्याची भाषा कच्ची असते. त्याचं प्रवचन पोरं सौजन्याने ऐकतात. पण गणू आणि मार्था स्वतः बोलायला लागले की मंडळी त्यांच्या भाषेत चालते. साहेब फर्लोवर गेले तरी संघ भरतोच. मिशनने बांधलेल्या इमारतींपेक्षा ही सवय मला मोलाची वाटते. 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा मंडळ्या चालवायला माणसं तयार होती. त्यांतली कितीतरी अशा संध्याकाळच्या बैठकांत बोलायला शिकलेली.

गाण्याचंही तसंच. इंग्रजी चालीवर शब्द बसवलेली गीतं पोरं म्हणायची, पण टिळकांची भजनं आणि पेटी-तबल्यावरचं ख्रिस्ती कीर्तन आलं तेव्हा अंगात आली. खेळ ही तिसरी वाट. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेने 1920 मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल आपल्याकडे रुजले त्यात वायएमसीएचा मोठा वाटा आहे.

आज जपानमध्ये किंवा स्पेनमध्ये तरुणांत काम करायला गेलेल्या कुटुंबाची पहिली एक-दोन वर्षं भाषेतच जातात. सुट्टीत दहा दिवसांसाठी येणारी परदेशी पथकं गाणी-खेळ घेऊन येतात, मुलं जीव लावतात आणि पथक निघून जातं. शहाण्या मिशन संस्था आता ही पथकं कमी करतात. एकट्या प्रौढाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही, हा नियमही आता लेखी असतो. आणि स्वतःच्या पोराला संघात यायची सक्ती करू नये, हे बरेच जण उशिरा शिकतात.

कुटुंब आणि तरुणकार्य, दोन्ही एकाच आयुष्यात पाहायचं तर मी एरिक लिडलकडे वळतो. जन्म 1902, चीनमधल्या तिआनजिनचा. सहाव्या वर्षी आईबापांनी त्याला आठ वर्षांच्या भावाबरोबर लंडनच्या त्या मिशनरी मुलांच्या शाळेत ठेवलं आणि ते परत गेले. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावणार नाही म्हणून त्याने शंभर मीटरची शर्यत सोडली आणि चारशे मीटरचं सुवर्ण जिंकलं. पुढच्या वर्षी तो चीनला गेला, शिक्षक म्हणून. 1941 मध्ये युद्ध जवळ आल्यावर त्याने दोन मुली आणि गरोदर पत्नीला कॅनडाला पाठवलं. तिसरी मुलगी त्याने कधी पाहिली नाही.

1943 मध्ये जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबलं. काही महिन्यांनी तिथे चायना इनलँड मिशनच्या शाळेतली शंभरावर मुलं आली, आईबापांपासून तुटलेली. लिडलने त्यांना विज्ञान शिकवलं, फाटक्या साहित्यावर खेळ लावले. मुलं त्याला एरिककाका म्हणायची. रविवारी खेळायचं नाही हा त्याचा स्वतःचा नियम. पण पंचाविना खेळणारी पोरं मारामाऱ्या करू लागली, तेव्हा रविवारी हॉकीच्या मैदानावर शिट्टी घेऊन तोच उभा राहिला.

21 फेब्रुवारी 1945 ला मेंदूतल्या गाठीने तो गेला. त्याच्या थोडं आधी त्याने स्टीव्हन मेटकाफ या मुलाला आपले धावण्याचे जुने, दोऱ्याने बांधलेले बूट दिले होते, कारण हिवाळ्यात पोराच्या पायात काही नव्हतं. पहारा देणाऱ्या जपान्यांसाठी प्रार्थना करायलाही त्यानेच शिकवलं होतं. लिडलची शवपेटी ज्यांनी उचलली त्यांत मेटकाफ होता. 1952 मध्ये तो मिशनरी म्हणून जपानला गेला.